मेद किती, पाणी किती?

२८ फेब्रुवारी हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. शाळाशाळांत विज्ञान प्रदर्शने भरतात, रामन यांच्या तसबिरीला हार पडतो. १९२८ साली याच दिवशी कलकत्त्यात, बहुबाजार रस्त्यावरच्या २१० क्रमांकाच्या इमारतीत, चंद्रशेखर वेंकट रामन यांना पाऱ्याच्या दिव्याच्या उजेडात एरवी तिथे नसणाऱ्या रेषा स्पष्ट दिसल्या. त्यानंतर बरोबर तेरा वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेव्हा या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. आज आहे.

गालाच्या आतल्या अस्तरात मेद किती, प्रथिने किती, पाणी किती, हा हिशेब त्या दिवशी दिसलेल्या रामन परिणामाच्या आधारे आता तुकडा न कापता आणि रंग न चढवता मांडता येतो. टाटा मेमोरियलच्याच खारघर इथल्या संशोधन केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, डॉ. मुरली कृष्ण चिलकपाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगावर या तंत्राने केलेल्या अभ्यासांची मोठी मालिका प्रसिद्ध झाली आहे. रॉटरडॅममध्ये जिभेवर, माँट्रियलमध्ये मेंदूवर, व्हँकूव्हरमध्ये त्वचेवर, बॉस्टनजवळच्या एमआयटीत स्तनावर असेच काम झाले. निबंधांतले आकडे डोळे दिपवणारे आहेत. तरीही आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी बायोप्सी करून घ्यायला गेलो, तर या तपासणीचे नावही कुणी काढत नाही. असे का, याचा शोध घेताना प्रकाशाविषयी जेवढे कळते, तेवढेच रोगाच्या निदानाविषयीही कळते.

काचपट्टीवरचा आकार

टाटा मेमोरियल सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातील विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्या आजाराकडे आपल्या देशात इतक्या बारकाईने पाहणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांपैकी तो एक. पुढे ऐंशी वर्षे गेली, पण आजार मागे हटला नाही. जगभरातल्या कर्करोगाचे आकडे मांडणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२० साली भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ७५ हजार माणसे त्याने दगावली. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे थोडे. चघळणारे, दाढेत धरणारे, मिशेरी लावणारे फार. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण मावा आणि खर्रा कुठे मिळतो, हे कुणाला विचारावे लागत नाही.

अशा माणसाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, की निदान होते ते खानोलकरांच्या काळातल्याच रीतीने. चट्ट्याचा तुकडा घेतात, फॉर्मलिनमध्ये ठेवतात, त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन ही रंगांची जोडी त्यावर चढवतात. पेशींची केंद्रके जांभळी होतात, बाकीचा भाग गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट पाहतो तो आकार. केंद्रके फुगली आहेत का, पेशींची रांग मोडली आहे का, तळचा पडदा ओलांडून त्या खाली उतरल्या आहेत का. सुमारे दीडशे वर्षे वैद्यकाने या जांभळ्या-गुलाबी चित्रावर भिस्त ठेवली आहे आणि त्या चित्राने ती सार्थही ठरवली आहे.

मात्र या रीतीत तुकडा कापावाच लागतो, निकालाला दिवस लागतात, आणि रंग पेशीची ठेवण दाखवतो, तिच्यात भरलेला माल दाखवत नाही. शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तर हवे असेल तर फ्रोझन सेक्शन करतात, म्हणजे तुकडा गोठवून झटपट कापतात. त्यालाही वीस-तीस मिनिटे जातात, आणि तेवढा वेळ रुग्ण भुलीखाली असतो.

कोटीतला एक

रामन परिणाम पेशीत भरलेल्या या मालाचा थेट ठाव घेतो. कुठल्याही पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरणारे बहुतेक प्रकाशकण ज्या ऊर्जेने आले त्याच ऊर्जेने बाहेर पडतात. कोटीत एखादा कण मात्र रेणूला थोडी ऊर्जा देऊन जातो. रेणूतले अणू एकमेकांना बंधांनी जोडलेले असतात, आणि प्रत्येक बंध आपल्या ठरलेल्या ऊर्जेनेच थरथरतो. पूर्वीच्या जकात नाक्यांसारखा हा प्रकार आहे. प्रत्येक नाक्याचा दर वेगळा आणि ठाम; बाहेर पडणाऱ्या गाडीवाल्याच्या खिशात किती कमी झाले ते मोजले, की तो कुठल्या नाक्यावरून आला ते सांगता येते. प्रकाशकणाच्या ऊर्जेत पडलेली ही तूट तरंगसंख्येत, म्हणजे एका सेंटिमीटरमागे किती लहरी या एककात, मोजतात. कोणत्या तुटीचे कण किती आले, याचा आलेख म्हणजे रामन वर्णपट.

कोटीतला एक म्हणजे फारच थोडे. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी सुरुवातीला सूर्यप्रकाश एकवटून, रंगीत गाळण्या लावून, शुद्ध द्रवांमधून विखुरलेला हा अंधुक उजेड पाहिला. कर्बटेट्राक्लोराइडसारख्या स्वच्छ द्रवापुरते ते जमले. ओल्या, गढूळ, रक्ताने माखलेल्या मानवी ऊतींपर्यंत पोहोचायला आणखी अर्धे शतक जावे लागले. १९६० साली लेसर आला आणि एकाच रंगाचा प्रखर झोत हाताशी आला. नंतर सीसीडी हे संवेदनक्षम प्रकाशग्राहक आले. १९९० साली नेदरलँड्समध्ये गेर्विन पुपेल्स आणि सहकाऱ्यांनी एकेकट्या जिवंत पेशीचे रामन वर्णपट टिपल्याचे ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध केले. निळ्या-हिरव्या लेसरखाली पेशी टिकत नाहीत आणि लाल लेसरखाली तग धरतात, हेही त्या कामातून समोर आले.

रंगाची निवड हा इथला कळीचा मुद्दा आहे. हिरवा प्रकाश टाकला तर ऊती स्वतःच चमकू लागतात, आणि त्या प्रतिदीप्तीत रामनचा क्षीण संकेत बुडून जातो. म्हणून प्रकाश तांबड्याच्या पलीकडे, अवरक्ताकडे न्यावा लागतो. फार पुढे नेला तर विखुरणेच मंदावते, कारण ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. शिवाय सिलिकॉनचा सीसीडी हजार नॅनोमीटरच्या पुढे आंधळा होत जातो. या ओढाताणीत बहुतेक प्रयोगशाळा ७८५ नॅनोमीटरच्या लेसरवर येऊन स्थिरावल्या. पाण्यानेही मदत केली. अवरक्त शोषणाच्या तंत्रांत पाणी सगळे गिळून टाकते, पण ऊतींची पुढे येणारी शिखरे ज्या तरंगसंख्यांच्या पट्ट्यात दिसतात, तिथे त्याचा रामन संकेत अगदी दुबळा असतो. ओल्या, जिवंत ऊती आहेत तशा तपासता येतात त्या यामुळे.

शिखरे काय सांगतात

ऊतींचा वर्णपट पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती डोंगरांची वेडीवाकडी रांग वाटते. सरावलेल्या माणसाला त्यातली शिखरे नावानिशी ओळखू येतात. १००४ या तरंगसंख्येच्या आसपास उभे असणारे बारीक, टोकदार शिखर फेनिलॲलनिन या अमिनो आम्लातल्या कड्याचे, म्हणजे प्रथिनांचे. ७८५ नॅनोमीटरचा प्रकाश या कड्याला ऊर्जा देऊन बाहेर पडतो तेव्हा त्याची तरंगलांबी सुमारे ८५२ नॅनोमीटर झालेली असते. ८५५ आणि ९३८ ला कोलॅजेन बोलते. १०९५ च्या जवळपास डीएनएच्या कण्यातला फॉस्फेट. १३०० आणि १४४० च्या आसपास मेदाच्या लांब साखळ्या, १७४५ ला त्याच मेदाचा एस्टर बंध. १६५५ ला प्रथिनांचा अमाइड बंध असतो, पण तिथेच असंपृक्त मेदही येऊन बसतो, त्यामुळे शिखराची उंचीच नव्हे, रुंदीही पाहावी लागते. ९६० ला हाडादातांतला हायड्रॉक्सिॲपेटाइट. ११५५ आणि १५२५ ला कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजर-पपईत असते त्या कुळातली द्रव्ये.

हे सगळे संकेत एकाच वेळी, एकमेकांवर चढून येतात. ऊतीत हजारो प्रकारचे रेणू असतात, आणि प्रत्येकाला सुटे काढणे अशक्य. म्हणून संशोधक दोन वाटांनी जातात. पहिल्या वाटेने शुद्ध घटकांचे वर्णपट घेऊन, ते कोणत्या प्रमाणात मिसळले तर ऊतीचा वर्णपट तयार होईल, हे गणिताने काढायचे. दुसऱ्या वाटेने घटकांची फिकीर न करता, निरोगी आणि रोगट वर्णपटांचे ढीग संगणकापुढे ठेवून फरक त्यालाच शोधायला लावायचा. पहिल्या वाटेने समज वाढते. दुसरी वाट लवकर पोहोचवते, पण कुठे पोहोचलो ते नेहमी सांगत नाही.

८३ टक्क्यांचा धडा

पहिल्या वाटेचे ठळक उदाहरण एमआयटीचे. तिथल्या मायकेल फेल्ड यांच्या स्पेक्ट्रोस्कोपी प्रयोगशाळेत, आयआयटी कानपूरहून गेलेले रामचंद्र दासारी यांच्यासारख्या भारतीय शास्त्रज्ञांचाही मोठा हात होता. स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत कॅल्शियमचे बारीक कण दिसले की डॉक्टर सावध होतात. पण ते कण कशाचे, हे क्ष-किरण सांगत नाही. या गटाने २००२ साली दाखवले, की कॅल्शियम ऑक्झलेट आणि हायड्रॉक्सिॲपेटाइट यांचे रामन वर्णपट अगदी वेगळे असतात. ऑक्झलेटचे कण सहसा निरुपद्रवी बदलांत सापडतात. हायड्रॉक्सिॲपेटाइट दोन्हीकडे सापडतो, पण कर्करोग झालेल्या नलिकांमधल्या त्याच्या कणांत कार्बोनेटचे प्रमाण कमी असते. चित्रात सारखेच दिसणारे दोन ठिपके रसायनाने असे वेगळे होतात.

२००५ साली त्याच गटाने ५८ रुग्णांच्या स्तनाच्या तुकड्यांवरून घेतलेले १३० वर्णपट मेद, कोलॅजेन, पेशीकेंद्रक अशा घटकांत फोडले. निव्वळ मेद आणि कोलॅजेन यांच्या प्रमाणावरून कर्करोग ९४ टक्के संवेदनशीलतेने आणि ९६ टक्के विशिष्टतेने ओळखता आला. म्हणजे शंभर कर्करोगांपैकी ९४ सापडले आणि कर्करोग नसलेल्या शंभर जागांपैकी ९६ बिनचूक बाजूला पडल्या. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया चालू असतानाच नऊ स्त्रियांच्या स्तनात प्रोब, म्हणजे प्रकाश नेणारी-आणणारी बारीक दांडी, टेकवून मोजमाप झाले, दर जागी एक सेकंद. त्यात शल्यविशारदाच्या डोळ्याला न दिसलेला एक कर्करोग प्रोबने पकडला. तो मागे राहिला असता तर दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ आली असती.

मग २००९ साली गटाने प्रामाणिकपणे पुढची परीक्षा दिली. आधी ठरवलेले सूत्र बदलायचे नाही आणि नव्याने आलेल्या रुग्णांवर ते चालवून पाहायचे. २१ रुग्णांच्या १२९ जागा तपासल्या. संवेदनशीलता ८३ टक्क्यांवर आली, विशिष्टता ९३ वर राहिली. हे आकडेही चांगलेच म्हणायचे. पण यंत्राने ज्या जागांना कर्करोग म्हटले, त्यांतल्या फक्त ३६ टक्के जागी तो खरोखर होता. कारण साधे आहे. तपासलेल्या जागांत कर्करोग थोडे, निरोगी पुष्कळ. निरोगींपैकी सातच टक्के चुकले तरी ते खऱ्या कर्करोगांहून संख्येने अधिक भरतात. प्रयोगशाळेतल्या ९५ टक्क्यांचे दवाखान्यात काय होते, याचा हा धडा या क्षेत्रातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे.

व्हँकूव्हरच्या गटाला त्वचेवर हेच वेगळ्या तऱ्हेने दिसले. ४५३ रुग्णांच्या ५१८ डागांवर एका सेकंदाच्या आत वर्णपट घेणारे यंत्र त्यांनी चालवले. एकही कर्करोग सुटू नये म्हणून संवेदनशीलता ९५ ते ९९ टक्क्यांवर ठेवली, तेव्हा विशिष्टता ५४ पासून १५ टक्क्यांपर्यंत घसरली. कर्करोग सुटू द्यायचा नसेल तर किती निरोगी माणसांवर सुरी चालवायची, हे ठरवणे यंत्राचे काम नाही.

खारघरचा गाल

गालाच्या आतला भाग प्रोबला सोयीचा. तोंड उघडले की जागा समोर, आणि तंबाखूची गोळी धरायची जागाही बहुधा तीच. ॲक्ट्रेकच्या गटाने टाटा मेमोरियलचे शल्यविशारद डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्यासारख्या डॉक्टरांच्या साथीने, ७८५ नॅनोमीटरचा लेसर आणि प्रकाशतंतूंचा प्रोब वापरून, जिवंत माणसांच्या गालावर मोजमापे केली. प्रकाशतंतू सिलिकाचा असतो आणि सिलिकाही स्वतःचा रामन संकेत देतो, म्हणून तो संकेत जिथे आड येत नाही अशा १२०० ते १८०० या पट्ट्यावर भर दिला. निरोगी गालाचा वर्णपट मेदाने भारलेला असतो. गाठीचा वर्णपट प्रथिनांनी. १७४५ चे मेदाचे शिखर विरते, १६५५ चे शिखर रुंदावते. डोळ्यांनी पाहतानाही हा फरक कळतो.

खरी गंमत पुढे आहे. याच गटाने कर्करोग झालेल्या माणसाच्या दुसऱ्या, वरवर निरोगी गालाचेही वर्णपट घेतले. ते पूर्ण निरोगी माणसाच्या गालाशी जुळत नव्हते. तंबाखू खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या निरोगी माणसांचे गालही वेगळे पडले. वय वाढते तसे वर्णपट बदलतात, हेही त्यांनी तपासून पाहिले. १९५३ साली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली होती. तोंडात कर्करोग एका जागी दिसतो, पण त्याची जमीन आजूबाजूला आधीच तयार झालेली असते, असे त्यांचे म्हणणे. फील्ड कॅन्सरायझेशन या नावाने ती ओळखली जाते. खारघरच्या मोजमापांना ही कल्पना नेमकी लागू पडते. पण तिच्यातून एक पेचही उभा राहतो. यंत्राला शिकवण्यासाठी निरोगी नमुना लागतो. तीस वर्षे मिशेरी लावणाऱ्या बाईच्या गालाला निरोगी म्हणायचे की नाही? पॅथॉलॉजिस्टच्या काचपट्टीवर तो निरोगी असतो, वर्णपटावर नसतो. वर्णपट चुकला, की पॅथॉलॉजिस्टला जे अजून दिसत नाही ते त्याने आधी पाहिले? याचा निवाडा त्या माणसांच्या मागे वर्षानुवर्षे राहूनच होईल. तोपर्यंत काचपट्टीशी न जुळणारे प्रत्येक उत्तर आकडेवारीत चूक म्हणूनच जमा होते.

माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. वर्णपट सांगतो ते प्रमाण: अमुक इतका मेद, तमुक इतके प्रथिन. कर्करोग हे माणसांनी ठरवलेले नाव आहे. हजारो काचपट्ट्या आणि त्या रुग्णांचे पुढे काय झाले, यांची सांगड घालून ते ठरले. प्रमाणावरून नावाकडे जाताना मध्ये पॅथॉलॉजिस्टला शिक्षक नेमावेच लागते, आणि विद्यार्थ्याची गुणपत्रिकाही शिक्षकाच्याच उत्तरांवरून तपासली जाते. मग या तंत्राने शिक्षकाच्या पुढे जायचे कसे? एक वाट दिसते. प्रमाण हेच ज्याचे उत्तर आहे, असा प्रश्न त्याला विचारायचा.

जिभेचे मिलिमीटर

असा प्रश्न रॉटरडॅमच्या इरॅस्मस रुग्णालयात विचारला गेला. १९९० च्या त्या पेशींच्या कामातले पुपेल्स पुढे इथल्या गटात होते. तोंडातली गाठ काढताना तिच्याभोवती निरोगी ऊतींची कड ठेवावी लागते. ही कड पाच मिलिमीटरहून जास्त असेल तर मार्जिन क्लिअर, एक ते पाच मिलिमीटर असेल तर क्लोज. कमी कापले तर गाठ परतण्याचा धोका. जास्त कापले तर जीभ लहान होते. माणसाला गिळता येत नाही, बोललेले दुसऱ्याला कळत नाही. फ्रोझन सेक्शनला कडेचे मोजकेच तुकडे पाठवता येतात.

या गटाने मोजले ते पाणी. आधी सांगितलेल्या पट्ट्यात पाणी दुबळे असले तरी वर, ३००० च्या पलीकडे, त्याचा संकेत भक्कम असतो, आणि तिथे प्रकाशतंतूचा अडथळाही कमी. पाण्याचा आणि शेजारच्या प्रथिनांचा संकेत यांचे गुणोत्तर घेतले की पाण्याचे प्रमाण मिळते. २०१५ साली त्यांनी जिभेच्या कर्करोगावर दाखवले, की ६९ टक्के पाणी ही सीमा धरली तर गाठ आणि निरोगी ऊती ९९ टक्के संवेदनशीलतेने व ९२ टक्के विशिष्टतेने वेगळ्या होतात. पुढच्या वर्षी त्यांनी गाठीतून बाहेर निघत मोजत नेले. गाठीत सरासरी ७६ टक्के पाणी, भोवतालच्या निरोगी भागात ५४ टक्के, आणि हा उतार जेमतेम चार ते सहा मिलिमीटरमध्ये पार होतो.

इथे कर्करोगाची व्याख्या करायची गरजच उरत नाही. गाठ आहे, हे बायोप्सीने आधीच ठरलेले असते. शल्यविशारदाला विचारायचे असते इतकेच, की कापलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत मी पुरेसा बाहेर आलो आहे का. उत्तर एका आकड्यात येते, आणि तुलना त्याच रुग्णाच्या निरोगी भागाशी होते. वय, सवय, जात्याच असणारे वेगळेपण, यांतल्या बऱ्याच गोष्टी त्यामुळे आपोआप वजा होतात. कवटीच्या आतही असाच प्रश्न असतो. माँट्रियलमध्ये फ्रेडरिक लेब्लाँ आणि मेंदूशल्यविशारद केव्हिन पेट्रेका यांच्या गटाने २०१५ साली हातात धरायच्या प्रोबने १७ रुग्णांच्या मेंदूत, शस्त्रक्रिया चालू असताना, ०.२ सेकंदात मोजमाप केले आणि ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीच्या पेशी ९३ टक्के संवेदनशीलतेने व ९१ टक्के विशिष्टतेने ओळखल्या. मेंदूत या गाठी निरोगी भागात विरघळल्यासारख्या पसरतात, आणि शिल्लक राहिलेल्या पेशीच पुढे घात करतात.

रसायन पुन्हा चित्रात

रुग्णालयात रामनच्या घराण्यातले एक तंत्र मात्र खऱ्या अर्थाने शिरले आहे, आणि ते कसे शिरले हे पाहण्यासारखे आहे. दोन लेसर एकदम वापरून ठरावीक बंधाचा संकेत हजारो पटींनी वाढवण्याच्या युक्तीला उत्तेजित रामन विकिरण म्हणतात. हार्वर्डमध्ये सनी शी यांच्या गटाने २००८ साली ते जैविक नमुन्यांवर आणले. डॅनियल ऑरिंजर यांच्यासारख्या मेंदूशल्यविशारदांनी ते शस्त्रक्रियागृहात नेले. ताजा तुकडा यंत्रात सरकवायचा, २८४५ ला मेद आणि २९३० च्या आसपास प्रथिने, असे दोनच संकेत टिपायचे, आणि त्यांवरून चित्र काढायचे. त्या चित्राला रंग कोणते द्यायचे? जांभळा आणि गुलाबी. पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्याला सवयीचे तेच.

२०२० साली ‘नेचर मेडिसिन’ मध्ये आलेल्या, २७८ रुग्णांच्या अभ्यासात अशी चित्रे संगणकाने १५० सेकंदांच्या आत वाचली. त्याची अचूकता ९४.६ टक्के, नेहमीच्या पद्धतीने पॅथॉलॉजिस्टनी केलेल्या निदानाची ९३.९. म्हणजे रामनच्या घराण्यातले तंत्र स्वीकारले गेले ते त्याने रसायनाचा बराचसा तपशील सोडून देऊन आकाराची जुनी भाषा उचलली तेव्हा. यात हार मानायचे काही नाही. जे डोळे दीडशे वर्षांत तयार झाले, त्यांना डावलून रुग्णालयात काही शिरत नाही, आणि शिरूही नये.

अडते कुठे

बाकीच्या अडचणी रोजच्या आहेत, म्हणूनच चिवट आहेत. शस्त्रक्रियागृहातले दिवे रामनच्या क्षीण संकेताला बुडवतात, म्हणून मोजताना ते विझवावे लागतात. रक्त मध्ये येते. प्रकाश ऊतीत मिलिमीटरभरही धड उतरत नाही, त्यामुळे खोलवरचे दिसत नाही. रुग्णालयांच्या कपाटांत दशकानुदशके साठवलेले मेणातले तुकडे हा केवढा खजिना. पण मेणाची स्वतःची टोकदार शिखरे नेमकी मेदाच्या शिखरांवर येऊन बसतात, आणि मेण काढताना ऊतीतला मेदही निघून जातो. एका यंत्रावर शिकवलेले सूत्र दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे चालत नाही, कारण प्रत्येक सीसीडी आणि प्रत्येक गाळणी थोडी वेगळी.

सर्वांत फसवी अडचण गणितातली. एका वर्णपटात हजारभर आकडे असतात, आणि रुग्ण बहुधा काही डझन. इतक्या आकड्यांतून संगणक काही ना काही फरक शोधून काढतोच. एकाच रुग्णाचे दहा वर्णपट घेतले, त्यातले सात शिकवायला आणि तीन तपासायला ठेवले, तर संगणक रोग ओळखतो की माणूस, हे कळायला मार्ग राहत नाही. रुग्णच वेगळे काढून, शक्यतो दुसऱ्या रुग्णालयातले रुग्ण घेऊन, तपासणी केली की आकडे खाली येतात. एमआयटीच्या २००९ च्या निबंधाचे मोल त्यासाठीच. निबंध वाचताना टक्केवारीच्या आधी, कोणत्या रुग्णांवर तपासले ते पाहावे.

टॉर्चच्या पुढे

आपल्यापुरता प्रश्न असा, की महाराष्ट्रातल्या तंबाखूग्रस्त तोंडांसाठी याचा उपयोग काय. तपासणीसाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. तिरुवनंतपुरममध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन, तोंड उघडायला लावून, नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. त्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली ‘लॅन्सेट’ मध्ये आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. एक टॉर्च आणि शिकवलेला माणूस एवढ्यावर हे साधले. परदेशी बनावटीचा वर्णपटमापक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवायची स्वप्ने पाहण्याआधी हा आकडा समोर असावा.

टॉर्चच्या नंतरची पायरी मात्र मोकळी आहे. तपासणीत चट्टे पुष्कळ सापडतात, आणि त्यांतले बहुतेक कधीच कर्करोग होत नाहीत. तुकडा कुठल्याचा घ्यायचा, आणि चट्टा मोठा असेल तर त्याच्या कुठल्या कोपऱ्यातून घ्यायचा? चुकीच्या कोपऱ्यातला तुकडा निरोगी येतो आणि माणूस निर्धास्त होऊन पुन्हा पुडी फोडतो. गालावर पाच जागी प्रोब टेकवायचा आणि त्याच माणसाच्या तोंडात ज्या जागी मेद सर्वांत कमी, तिथला तुकडा घ्यायचा. पाण्याच्या उतारासारखाच हाही मोजण्याजोगा प्रश्न आहे. कर्करोग आहे की नाही ते पॅथॉलॉजिस्टच सांगेल. प्रोबने त्याच्याकडे योग्य तुकडा पोहोचवायचा.

याची पारख करण्याची रीतही अवघड नाही, फक्त चिकाटीची आहे. राज्यातली पाच-सहा रुग्णालये, एकाच प्रमाणित नमुन्यावर जुळवलेली यंत्रे, आधी लिहून ठेवलेले आणि मग न बदललेले सूत्र, आणि दोन गट: एकात डॉक्टर नेहमीप्रमाणे जागा निवडतात, दुसऱ्यात प्रोब निवडतो. कोणत्या गटात कमी तुकड्यांत जास्त कर्करोग सापडले, हे मोजायचे. प्रोब मागे पडला तर पैसा टॉर्च, प्रशिक्षण आणि गुटखाबंदीच्या अंमलबजावणीकडे वळवावा. पुढे गेला, तर यंत्र इथेच स्वस्तात बनवण्याला एक ठोस कारण मिळेल. अशा अभ्यासाला लागणारे शल्यविशारद, पॅथॉलॉजिस्ट आणि रामनचे जाणकार मुंबई-खारघरच्या पट्ट्यात एकमेकांना ओळखणारे आहेत. आणि रुग्णांची, दुर्दैवाने, आपल्याकडे कधीच वानवा नव्हती.